ताटाकडे बघा, काट्याकडे नंतर: खाण्याचे विकार ओळखायचे कसे आणि बेळगाव भागात मदतीला जायचं कुठं

पाळी दोन-तीन महिने आली नाही म्हणून मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं जातं. पोट साफ होत नाही, गॅस धरतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे. शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन. केस गळतात म्हणून तेल बदललं जातं. या चारही तक्रारी एकाच मुलीच्या असतात आणि मूळही एकच असतं, ती पुरेसं जेवत नाहीये. चार ठिकाणी चार कागद तयार होतात, पण 'सकाळपासून काय काय खाल्लंस?' हे कुणीच नीट विचारत नाही. आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा क्रम मी पुन्हा पुन्हा बघते. शहापूर-वडगावातल्या घरांत, खानापूर तालुक्यातल्या गावांत, निपाणीकडेही.

म्हणून हे आईवडिलांसाठी, आजीसाठी, थोरल्या बहिणीसाठी, वर्गशिक्षकांसाठी आणि हॉस्टेलच्या वॉर्डनसाठी लिहिते आहे. हा आजार अंगावर दिसायच्या कितीतरी आधी ताटात दिसतो. अंगावर दिसेपर्यंत थांबलं की उपचार लांबतात. लवकर सुरू केले तर बरं होण्याची शक्यता खूपच जास्त असते.

आधी आजाराची ओळख

ॲनोरेक्सियात माणूस खाणं इतकं कमी करतो की शरीराला लागतं तेवढंही मिळत नाही, आणि वजन वाढण्याची भीती किंवा 'मी जाड आहे' ही समजूत त्याला सोडत नाही. बुलिमियात थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, आणि मग ते भरून काढायला मुद्दाम उलटी, पोट साफ होण्याच्या गोळ्या, कडक उपास किंवा अती व्यायाम केला जातो. यात वजन बहुतेक वेळा नेहमीसारखंच राहतं, त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटल्यासारखं खाणं असतं, मागाहून प्रचंड लाज वाटते, पण उलटी वगैरे नसते. त्याला स्वतंत्र आजार म्हणून २०१३ साली मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात जागा मिळाली. त्याच वेळी आणखी एका प्रकाराला 'आरफिड' (ARFID) हे नाव मिळालं. त्यात मुलाला बारीक व्हायचं नसतंच. घशात अडकेल, उलटी होईल ही भीती किंवा पदार्थाचा वास आणि स्पर्श सहन न होणं, यामुळे खाण्याचे पदार्थ कमी होत होत चार-पाचावर येतात.

आपल्याकडच्या मुली बऱ्याचदा 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणतच नाहीत. 'पोट भरल्यासारखं वाटतं', 'भूकच नाही', 'जेवलं की जड होतं' असं म्हणतात. आशियातल्या डॉक्टरांनी हे पूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. म्हणून वजनाचा विषय तिनं काढला नाही एवढ्यावरून आजार नाही असं धरू नका.

मुलगे यातून सुटलेले नाहीत. आपला भाग तालमींचा आणि भरतीचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे गावोगावची पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. कुस्तीच्या वजनगटात बसायला पाणी तोडणं, जेवण तोडणं हे 'कष्ट' म्हणून कौतुकानं सांगितलं जातं. त्यातल्या बहुतेकांचं स्पर्धा झाली की जेवण पूर्ववत होतं. ज्याचं होत नाही, जो एक दिवस पळायला गेला नाही तर त्या दिवशी जेवतच नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं.

पहिलं पाऊल: पंधरा दिवस ताटाकडे बघा

टोकायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं बघायचं आणि रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या.

एका घरी मी जेवायच्या वेळी बसले होते. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाची, म्हणजे बारावीची मुलगी. ताटात जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी, भात, आमटी. तिनं भाकरीचे नखाएवढे तुकडे केले आणि ताटाच्या कडेनं मांडले. भाजीतलं तेल भाकरीच्या एका तुकड्यानं टिपून तो तुकडा बाजूला ठेवला. भात आमटीत कालवला, पसरला, परत गोळा केला. अर्धा तास हात चालू होता, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला ती जेवतेच आहे असं वाटावं. आई वाढायला उठली तेवढ्यात अर्धी भाकरी ओढणीखाली गेली. आई परत आली आणि समाधानानं म्हणाली, 'आज जेवली बघा.'

असं काही दिसतं का ते बघा. बारीक तुकडे करणं, पदार्थ एकमेकांना लागू न देणं, घास फार वेळ चघळणं, ताट स्वतःच उचलून पटकन मोरीत नेणं. सगळ्यांबरोबर बसायचं टाळणं हे तर फार लवकर सुरू होतं. 'मैत्रिणीकडे खाऊन आले' आणि 'कॉलेजात डबा संपवला' ही दोन वाक्यं रोज ऐकू यायला लागली की डब्याचं काय होतं ते शोधा. एखाद दिवशी मैत्रिणीच्या आईशी सहज बोला.

स्वयंपाकघरातली खूण तर चकवा देणारी. ही मुलगी दुसऱ्यांसाठी हौसेनं करते. धाकट्या भावाला कुंदा करून घालते, मोबाइलवर तासन्तास पाककृती बघते, सगळ्यांना आग्रह करकरून वाढते, आणि स्वतः चाखतही नाही. घरच्यांना वाटतं, पोरगी कामाची झाली. उपाशी मेंदूला अन्नाशिवाय दुसरं काही सुचत नाही, त्याचं हे लक्षण असतं.

जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणं, आत नळ सोडून ठेवणं, उलटीचा वास, पोट साफ होण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, पलंगाखाली किंवा कपाटात बिस्किटांचे कागद, घरातून एकाएकी संपणारी शेव आणि लाडू. या खुणा दिसल्या तर चोरी पकडल्याच्या सुरात बोलू नका. बुलिमियात आणि बिंजमध्ये लाज आधीच गळ्यापर्यंत आलेली असते. आपण ओरडलो की लपवण्याची जागा बदलते, इतकंच होतं.

व्यायामाकडेही बघा. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात सकाळी चालायला जाणं चांगलंच. पण जुलैच्या धो धो पावसात, अंगात ताप असताना, उद्या परीक्षा असतानाही जाणारच, आणि अडवलं तर रडू किंवा आदळआपट, हे वेगळं. तसंच भर एप्रिलात स्वेटर घालून बसणं. अंगात चरबी उरली नाही की थंडी वाजते, आणि सैल कपड्यांत शरीर झाकलंही जातं.

उपासाचं काय

हा भाग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण आपल्या घरांत आजार सगळ्यात सोप्या वाटेनं इथंच लपतो. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र. मुलगी उपास धरते म्हटलं की आजी खूश होते आणि प्रश्न विचारायची सोय राहत नाही.

उपास श्रद्धेचा आहे की आजाराचा, हे ओळखायचं तर उपास सुटताना बघा. श्रद्धेनं उपास करणारी मुलगी फराळाची वाट बघते. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, केळं, दूध हे सगळं चवीनं खाते. संध्याकाळी चंद्र दिसला की पानावर बसते. आजारातली मुलगी फराळालाही नको म्हणते, कारण साबुदाणा, शेंगदाणे, तूप हेच तिला भीतीचे पदार्थ वाटतात. ती नुसत्या ताकावर किंवा काळ्या चहावर राहते, उपास सोडायची वेळ पुढं ढकलते, आणि आठवड्याला एक असलेला उपास दोन-तीनवर नेते. यातला एकही उपास घरात पूर्वी नव्हता, असंही बऱ्याचदा आढळतं.

शंका असेल तर आजीलाच सोबत घ्या. 'आजारी माणसानं, वाढत्या पोरानं उपास करायचा नसतो, देवाला चालतं' हे आईनं सांगितलं तर वाद होतो. आजीनं सांगितलं तर ते ऐकलं जातं. देवापुढं हात जोडायला, हरिपाठाला बसायला कुणी अडवलेलं नाही. बरी होईपर्यंत फक्त पोट रिकामं ठेवायचं नाही.

दुसरं पाऊल: शरीर काय सांगतं

दुष्काळात घर जसं आधी लग्नकार्य पुढं ढकलतं, मग डागडुजी थांबवतं आणि शेवटी चुलीवर येतं, तसं उपाशी शरीर खर्च तोडत जातं. आधी पाळी बंद होते. मग केस, त्वचा, नखं यांची निगा थांबते. केस गळतात, आणि पाठीवर, हातांवर, गालांवर बारीक लव येते. आतडी मंदावतात, म्हणून दोन घासांत पोट भरतं आणि बद्धकोष्ठ होतो. हा त्रास खरा असतो, मुलगी नाटक करत नसते. पण त्यावरचं औषध चूर्ण नाही, नियमित जेवण आहे. शेवटी हृदय हळू होतं.

नाडी घरी मोजता येते आणि मोजावीच. मुलीला पाच मिनिटं आडवं झोपवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मग तिला उभं करून दोन मिनिटांनी परत मोजा. जागेपणी आडवं असताना ठोके ५० पेक्षा कमी भरले, किंवा उभं राहिल्यावर एकदम ३०-४० नं वाढले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पळणाऱ्या मुलांची नाडी मुळातच थोडी कमी असते, पण 'पळतो म्हणून नाडी कमी' हे डॉक्टरांनी ईसीजी बघून म्हणावं. जेवण तोडलेल्या मुलाच्या बाबतीत ते आपणच गृहीत धरू नये.

दुसरी तपासणी आपल्या घरांत आपोआप होते, कारण आपण अजून जमिनीवर बसतो. मांडी घालून बसलेली मुलगी हात न टेकता उठते का, हे बघा. गुडघ्यावर किंवा भिंतीवर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर स्नायू झिजायला लागले आहेत.

उलट्या करणाऱ्यांत धोका वेगळा. पोटातल्या आम्लाबरोबर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय अचानक बिघडू शकते. वजन अगदी व्यवस्थित असलेल्या मुलीतही. बाहेरून दिसणाऱ्या खुणा म्हणजे वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजणं, थंड-गरम लागणं, कानाखाली दोन्ही बाजूंना गाल फुगल्यासारखे दिसणं, बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे. यातलं पुष्कळ काही आधी दातांच्या डॉक्टरांच्या नजरेला पडतं. त्यांनी विचारलं तर राग मानू नका. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर दात जास्त झिजतात, तेव्हा साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा.

हाडांचं नुकसान मात्र मागाहून भरून निघणं अवघड. हाडांची बरीचशी ताकद किशोरवयातच साठवली जाते. त्या वर्षांत महिनोन्‌महिने पाळी बंद राहिली तर हाडं कायमची ठिसूळ राहू शकतात. गोळ्या देऊन पाळी आणली म्हणजे हाड सुधारलं असं नाही. गोळीनं रक्तस्राव दिसतो आणि घरच्यांना उगाच धीर येतो. पाळी आपली आपण परत यायला हवी.

मनावर होणारा परिणाम समजून घेतला तर घरातली निम्मी भांडणं थांबतील. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सुमारे सहा महिने जवळजवळ अर्ध्या खाण्यावर ठेवलं. त्यांचं वजन सरासरी पावपट घटलं. या धडधाकट माणसांपैकी कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तरी ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले, त्यांना थंडी वाजायला लागली, ते पाककृती गोळा करू लागले, घास घोळवत बसू लागले. पुन्हा पुरेसं खायला मिळालं तेव्हा कित्येकांचा खाण्यावरचा ताबा सुटला. म्हणजे तुमच्या मुलीचा हट्ट, संताप, खोटं बोलणं यातलं बरंचसं उपाशीपणातून आलेलं आहे. पोटात अन्न गेल्याशिवाय तिला समजावून फारसा उपयोग होत नाही.

आधी जाड असलेल्या मुलांबद्दल एक इशारा. ७५ किलोची मुलगी चार महिन्यांत ५८ वर आली तर सगळे कौतुक करतात, 'काय मेंटेन केलंस गं!' तिची नाडी, तिचं पोटॅशियम, तिची पाळी ही हाडकुळ्या मुलीइतकीच धोक्यात असू शकते. किती वजन आहे यापेक्षा किती आणि किती लवकर घटलं, हे महत्त्वाचं.

तिसरं पाऊल: पाच प्रश्न

लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच प्रश्नांची चाळणी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरतात. मराठीत मी असं विचारते:

पोट फार भरलं म्हणून अस्वस्थ वाटून तू मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातेय यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोपेक्षा जास्त वजन घटलंय का? लोक बारीक म्हणतात तेव्हाही तुला जाड वाटतं का? दिवसभर डोक्यात जेवणाचेच विचार चालू असतात का?

दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांकडे जायचं. हे निदान नाही. आणि पाचही उत्तरं 'नाही' आली पण वहीतल्या नोंदी उलट सांगत असतील, तर वहीवर विश्वास ठेवा.

चौथं पाऊल: बोलणं

ताटावर बोलायचं नाही. संध्याकाळी, धुणं घडी घालताना किंवा गाडीवरून येताना, समोरासमोर डोळे भिडवावे लागत नाहीत अशा वेळी बोलावं. जे बघितलं तेच सांगायचं.

'अगं, तीन महिने पाळी नाही. परवा जिन्यात बसलीस. डबा परत येतोय हे मला कळलंय. मला तुझी काळजी वाटते. आपण उद्या डॉक्टरांना दाखवू, मी येते बरोबर.'

'मला काही झालं नाही' हे उत्तर येणारच. आजाराचा तो भागच आहे. 'बरं, नसेल तर चांगलंच, डॉक्टरांनाच म्हणू दे' एवढं म्हणून थांबायचं. तिची परवानगी मिळेपर्यंत वाट बघायची नाही. तापात फणफणलेल्या पोराला दवाखान्यात जायचं का, असं आपण विचारत बसत नाही.

घरातल्या मोठ्यांशी मात्र आधी बोलून ठेवा. 'चिपाड झालीस', 'जरा अंगावर भरलीस गं, छान दिसतेस', 'आता बघायला येतील, थोडी कमी कर' यातलं काहीही नको, कौतुकसुद्धा नको. बरी होत असलेल्या मुलीला 'भरलीस' हा शब्द आठवडाभर झोपू देत नाही. मावशी, काकू, शेजारच्या वैनी, सगळ्यांना आईनं एकदाच स्पष्ट सांगावं की शरीरावर बोलायचं नाही. लग्नाचा विषय तर बरी होईपर्यंत बंदच ठेवा.

दृष्ट काढायची असेल तर काढा, कौल लावायचा असेल तर लावा. त्यावर माझं भांडण नाही. पण त्याच दिवशी दवाखान्यातही जा.

पाचवं पाऊल: डॉक्टर

वजन घटण्याची दुसरी कारणं आधी बघावी लागतात. खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर क्षयरोग. त्याशिवाय थायरॉइड, मधुमेह, आतड्यांचे आजार. ते डॉक्टर तपासतील. तुम्ही वही दाखवा आणि एवढं नक्की म्हणा, 'ही जेवण लपवते, आम्हाला खाण्याच्या विकाराची शंका आहे.' हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर गर्दीच्या ओपीडीत ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, तापमान, ईसीजी, रक्तात पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड. एवढं झालं का बघा. आणि लक्षात ठेवा, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं होत नाही. शरीर शेवटपर्यंत रक्तातला समतोल सांभाळायची धडपड करतं.

आपल्या भागात एक अडचण वेगळीच आहे. शाळेत कन्नड शिकलेल्या मुलीला कन्नड येतं, आईला येत नाही. डॉक्टर कन्नडमधून विचारतात आणि मुलगीच दुभाषी होते. आई म्हणते, 'चार दिवस काही खाल्लं नाही हिनं.' मुलगी डॉक्टरांना सांगते, 'थोडी भूक कमी आहे.' आजाराला बोलायची याहून चांगली संधी कुठली? म्हणून कन्नड येणारं घरचंच मोठं माणूस सोबत न्या, मामा, आत्या, कुणीही. शेजारी नको, मुलीची गोष्ट गल्लीभर होते. बेळगावातल्या बऱ्याच डॉक्टरांना मराठी कळतं. नुसतं 'मी मराठीत सांगू का?' असं विचारलं तरी पुष्कळदा काम होतं.

सुरुवात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून करता येते. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं असल्यामुळे बालरोग, मेडिसिन आणि मानसोपचार असे विभाग एकाच आवारात मिळतात. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था डिमहान्स आहे, बेळगावहून एसटीनं दोन तासांच्या आसपास. गुंतागुंत वाढली तर बंगळूरची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था निमहान्स. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. जाताना आधार आणि रेशन कार्ड घ्या, सरकारी सवलतीला लागतात. कुठं जावं हेच कळत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. मानसिक आरोग्याच्या सल्ल्याची केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि भाषा निवडता येते. 'मानसोपचार' या शब्दाला घाबरून मागं फिरू नका. जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असलेल्या मानसिक आजारांत ॲनोरेक्सिया मोडतो.

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा:

- बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, नाडी ५० च्या खाली किंवा अनियमित
- पायांत गोळे येऊन ताकद जाणं, बसून उठता न येणं, गोंधळल्यासारखं बोलणं
- उलटीत रक्त
- दिवसभर अन्न आणि पाणी दोन्ही बंद
- मधुमेही मुला-मुलीनं बारीक होण्यासाठी इन्सुलिन टाळणं
- मरणाची भाषा, स्वतःला इजा करणं

सहावं पाऊल: घरी भरवणं, पण घाईनं नव्हे

पुष्कळ दिवस अगदी कमी खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं किंवा तपासणी न करता ग्लुकोजचं सलाईन लावणं धोक्याचं असतं. साखर अचानक मिळाली की रक्तातलं फॉस्फेट पेशींत खेचलं जातं आणि हृदय, श्वास, मेंदू यांवर ताण येतो. पहिल्या काही दिवसांत हे सगळ्यात जास्त घडतं. म्हणून किती आणि कसं वाढवायचं, जीवनसत्त्व ब-१ कधी द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील.

डॉक्टरांनी घरी उपचार चालतील म्हटलं की किशोरवयीन मुलांसाठी घरच्यांनी जेवण हातात घेण्याची पद्धत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली आहे. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात ती आकाराला आली. आपल्या घरांना ती परकी नाही, कारण वाढण्याचं काम आपल्याकडे आईआजीच करतात. काय आणि किती हे आईबाबा ठरवतात, वाढतात, शेवटच्या घासापर्यंत शेजारी बसतात. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, ठरलेल्या वेळी. भाकरीवर लोणी किंवा तूप, शेंगदाण्याची चटणी, भात-आमटी, दूध, अंडं, केळं, शिऱ्याची वाटी. पावडरचे महागडे डबे लागत नाहीत.

ती रडेल, ताट ढकलेल, 'तुम्ही माझा जीव घेताय' म्हणेल. सौदा करायचा नाही, ओरडायचं नाही, लाच द्यायची नाही. 'अवघड आहे, मला दिसतंय. मी इथंच बसलेय. पुढचा घास घे.' हेच, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा. एका वेळी एकाच माणसानं बोलावं. आई सांगत असताना बाबा 'राहू दे गं आता' म्हणाले की त्या दिवसाचं जेवण गेलं, म्हणून आईबाबांनी आधीच आपसात ठरवून ठेवावं. जेवणानंतर तासभर तिला एकटं सोडू नका, पण पहारा वाटू नये. पत्ते खेळा, मालिका बघा, गच्चीत बसा. घरातला वजनकाटा उचलून ठेवा, वजन दवाखान्यातच व्हावं. बाबांची रजा, आईची बचत गटाची कामं, आजीचा स्वयंपाक, सगळ्याचं वेळापत्रक काही आठवडे या जेवणांभोवती फिरवावं लागतं.

बुलिमिया आणि बिंजमध्ये वाट थोडी वेगळी. तिथं दिवसभर उपाशी राहणं हेच रात्रीच्या बेताल खाण्याचं कारण असतं. म्हणून पहिला उपचार नियमित खाणं. 'उद्यापासून कडक डाएट' हे चक्र तिथंच तुटतं. सोबत समुपदेशन, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची ठरलेल्या बैठकांची पद्धत, आणि काहींना मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं. बिंजवाल्या माणसाला 'तोंडावर ताबा ठेव' सांगणं निरुपयोगी आहे. त्याची साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

शाळा, कॉलेज, हॉस्टेल

एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या वर्षात घरच्यांचा कल 'परीक्षा होऊ दे, मग बघू' असाच असतो. परीक्षेपर्यंत थांबू नका. उपाशी मेंदूत अभ्यास शिरत नाही, आणि हृदय परीक्षेच्या तारखा बघत नाही. मुख्याध्यापकांना भेटून डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या, पीटी आणि स्पर्धा बंद करा, मधल्या सुट्टीचा डबा एखाद्या शिक्षिकेच्या खोलीत खाता येईल का ते विचारा. परीक्षा नंतरही देता येते.

हॉस्टेलवर परत पाठवायची घाई तर अजिबात नको. नाडी स्थिर, वजन डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, पाळी परत सुरू, आणि मुख्य म्हणजे कुणी शेजारी बसलेलं नसताना ती पूर्ण ताट जेवते, हे काही आठवडे घरी दिसलं की मग बोला. पाठवल्यावर पहिले काही महिने दर शनिवारी घरी आणा किंवा स्वतः जा आणि एकदा तरी तिच्याबरोबर मेसमध्ये जेवा. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, ताट दिसत नाही. महिन्यातून एकदा दवाखान्यात वजन आणि नाडी बघून घ्या. घट सुरू झालेली दिसली तर 'पुढच्या महिन्यात बघू' न म्हणता तिला त्याच आठवड्यात घरी आणा आणि परत ताट वाढायला बसा.